पिकलेलं मशीन आणि शनिवारचं लग्न

नाही, पण उभं राहणं हा गुन्हा आहे का, मला सांगा! माणूस उभा राहतो. गुडघे आखडले म्हणून उभा राहतो, कॉफी निवेपर्यंत उभा राहतो, बायको बाथरूममधून येईपर्यंत उभा राहतो... एकतीस वर्षं मी या जिल्ह्यात टपाल वाटलं, बर्फात, चिखलात, लोकांच्या फाटकाशी उभं राहून राहून पोटऱ्या झिजल्या माझ्या, तेव्हा कुणी पाटी लावली नाही. आणि आता कॅसिनोच्या दारात लावलीये, हातभर मोठी: 'खेळणाऱ्याच्या पाठीमागे घुटमळू नये. घुटमळणाऱ्यास एक वर्ष प्रवेशबंदी.' नवीन मॅनेजर आलाय ना, त्याचं हे डोकं. आणि बंदी म्हणजे नुसती मशीनं बंद नव्हे हं... जेवणघर बंद, बिंगो बंद, पेट्रोलपंप बंद आणि लग्नाचा हॉलही बंद. आणि शनिवारी माझ्या पोरीचं, जॅनेलचं लग्न! त्याच हॉलमध्ये!

आता तुम्ही म्हणाल, ऑरिन, तू जुगारी. मी जुगारी नाही हो! जुगारी माणूस नशिबाच्या भरवशावर बसतो. मी बसतच नाही, मी फिरतो. आमच्या भागात गाडीने दोन तासांच्या आत चार कॅसिनो आहेत, चारही इथल्या मूळ अमेरिकन लोकांच्या वेगवेगळ्या जमातींचे, आणि हा तळ्याकाठचा माझ्या बायकोच्या जमातीचा. चाळीस वर्षांपूर्वी मी इथे जावई म्हणून आलो तो अजून जावईच आहे. तर काही मशीनं अशी असतात की त्यांच्या कपाळावर एक आकडा लावलेला असतो, लोक खेळतात तसा तो सेंटासेंटाने वर चढतो, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की हे बक्षीस पाचशे डॉलर व्हायच्या आत फुटणारच, म्हणजे कुणाला तरी लागणारच. फुटणारच! कुणी वाचतच नाही ते. मी वाचलं. टपालवाल्याला बारीक अक्षर वाचायची सवय असते. तेव्हापासून माझं काम एकच, कुठलं मशीन कुठवर आलंय ते डोक्यात ठेवायचं, जसे पूर्वी पत्ते ठेवायचो, आणि चारशे सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव झालं, म्हणजे पिकलं, की मग बसायचं. सहा वर्षांत या धंद्यात मला कधी खोट आली नाही. पण धंद्यातली अडचण काय, सांगतो. पिकलेल्या मशीनवर आधीच कुणीतरी बसलेलं असतं. मग ते उठेपर्यंत काय करायचं? उभं राहायचं! आणि दारात ती पाटी...

बायकोने, कार्लीनने, बजावलं होतं. मंगळवारी सकाळी पाहुण्यांची यादी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, हॉलच्या स्वयंपाकघरात द्यायची आणि पाच मिनिटांत गाडीत, मशीनकडे मान वळवायची नाही, तुझा फोटो त्या बंदीच्या भिंतीवर लागला तर पोरीला मंडपात कोण नेणार? मी म्हटलं, मला काय वेड लागलंय का. खरंच म्हटलं तसं. आणि यादी दिलीसुद्धा! पण स्वयंपाकघरातून बाहेर यायचा रस्ता मशीनांमधूनच जातो, त्याला मी काय करू? आणि खिडकीजवळचं ते कासवाच्या चित्राचं मशीन... तुम्हाला सांगतो, माझे पायच थांबले. चारशे नव्व्याण्णव डॉलर, दहा सेंट!

आणि त्यावर बसली होती बर्नडीन मावशी.

बर्नडीन मावशी म्हणजे कार्लीनच्या आईची धाकटी बहीण. वय एक्क्याऐंशी, वजन एखाद्या कोंबडीएवढं, आणि सगळी जमात तिला वचकून. आमच्याकडे थोरांचा मान मोठा. म्हातारं माणूस आलं की खुर्ची सोडायची, रांगेत पुढे जाऊ द्यायचं, आणि त्यांनी खुर्चीवर स्वेटर ठेवला की ती खुर्ची त्यांची, मग ते दुपारभर येवोत न येवोत. अन् ही मावशी खेळते कशी? एकदा बटण दाबणार, चष्मा पुसणार, पाण्याचा घोट घेणार, पुन्हा दाबणार. चाळीस सेंटांचा एक डाव, आणि दोन डावांच्या मधे माझं अर्धं आयुष्य! मी थांबलो. म्हणजे घुटमळलो नाही हं, मी कॉफी आणायला गेलो. मग साखर आणायला गेलो. मग चमचा. मग दुसरी साखर. चौथ्या फेरीला बघितलं तर खांबापाशी ड्वेन उभा, माझ्या मेहुण्याचा मुलगा, कॅसिनोच्या सुरक्षेवर असतो, सव्वासहा फूट, आणि तो माझ्याकडे बघत रेडिओत काहीतरी बोलत होता. डोळ्यांपुढे ती भिंत, त्यावर सगळ्या बंदीवाल्यांचे फोटो आणि मधोमध मी, तोंड उघडं. आणि शनिवारी लग्न!

जायला निघालो. शपथेवर सांगतो, निघालो होतो! तेवढ्यात मावशी न वळताच म्हणाली, "जावईबापू, इकडे ये जरा."

गेलो. नाही म्हणायची कुणाची टाप आहे? म्हणाली, मला बाथरूमला जाऊन यायचंय, माझी खुर्ची राख, त्या टोपीवाल्याची नजर आहे तिच्यावर. आणि खरंच मागे एक टोपीवाला होता, माझ्याच धंद्यातला, डुलुथ शहरातला, ओळखतो मी त्याला. मावशीने मशीनमधले पैसे काढून घेतले, स्वतःच्या नावाचं खेळायचं कार्ड मात्र आतच ठेवलं, निळा स्वेटर खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि काठी टेकत गेली. पैसे काढून घेतले आणि कार्ड ठेवलं... तिथेच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण मी कुठे बघतोय? मी आकड्याकडे बघतोय! चारशे नव्व्याण्णव, त्र्याहत्तर. माझ्या नाकासमोर! सत्तावीस सेंट राहिले हो!

बसलो हात मांडीखाली घेऊन. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मावशीचा पत्ता नाही. पंधरा झाली. एवढा वेळ माणूस बाथरूममध्ये करतं काय? पडली का? मनात आलं, जाऊन बघावं, पण उठलो की टोपीवाला बसणार. मावशीची खुर्ची माझ्यामुळे गेली तर लग्नात माझ्याशी बोलणारं कुणी उरणार नाही. आणि उठलो नाही तरी पंचाईत, कारण स्वेटरचा मान आमच्या माणसांपुरता, बाहेरच्याला कॅसिनोचा नियम, न खेळता खुर्ची अडवली की दहा मिनिटांनी ती दुसऱ्याला द्यावी लागते. टोपीवाल्याला ते पाठ होतं. त्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, स्वेटरवर, आणि गोड आवाजात विचारलं, "खेळताय, की नुसते राखताय?"

मागे टोपीवाला, समोर कासव, खांबापाशी ड्वेन, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला... आणि माझ्या या हाताने, मी नाही, या हाताने, खिशातून वीस डॉलरची नोट काढून मशीनमध्ये सारली आणि बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. टोपीवाला आता माझ्या कानाशी. पुन्हा दाबलं. आणि कासवाने डोळे मिचकावले! दिवे काय, ढोल काय, वरचा भोंगा काय! पाचशेला काही सेंट कमी, फुटलं! सहा वर्षांत मला एवढी भीती कधी वाटली नव्हती. कारण तेव्हा माझी नजर खाली गेली आणि दिसलं, मशीनमध्ये मावशीचं कार्ड. दुसऱ्याच्या कार्डावर खेळायचं नाही, हा नियम पाटीवरसुद्धा लावलेला नाही, इतका तो सगळ्यांना ठाऊक आहे. शिक्षा? एक वर्ष बंदी! अहो, नुसतं बाहेर ओढायचं होतं ते कार्ड. एक बोट! नवशिका पोरगासुद्धा आधी कार्ड बघतो. मी आकडा बघत बसलो.

ड्वेन आला. कार्ड बघितलं, मला बघितलं. बिचाऱ्याच्याही कपाळाला घाम होता, शनिवारी तो करवला म्हणून नवऱ्यामुलाच्या शेजारी उभा राहणार होता.

"काका, बटण कुणी दाबलं?"

नियम असा की बोट ज्याचं, बक्षीस त्याचं. म्हणजे मी दाबलं म्हणालो तर पैसे माझे आणि बंदीही माझी. मी म्हणालो, "मावशींनी."

"काका, आजी सुपाच्या रांगेत आहे."

बाथरूम कसलं नि काय! मंगळवारी थोरांना रानतांदळाचं सूप फुकट असतं. वळून बघतो तर मावशी वाडगा घेऊन येतेय, सावकाश, एक थेंब सांडत नाही. आली. सुपावर फुंकर मारली. मी नजरेने तिच्या पाया पडलो हो! आणि ती म्हणाली, "त्यानेच दाबलं. मी नुसतं खुर्ची राखायला बसवलं होतं. बक्षीस त्याचं, देऊन टाका." आणि मग माझ्याकडे वाकून, हळू आवाजात, "सहा वर्षं माझ्या पाठीमागे घिरट्या घालतोयस, जावईबापू. तुझ्या कॉफीचा वास येतो मला."

आलं लक्षात? आधी माझ्याही नाही आलं. एक बक्षीस सोडून म्हातारीने मला बाहेर काढलं आणि वर्षभराची चारशे बक्षिसं स्वतःसाठी मोकळी करून घेतली! मुंगीएवढी अक्षरं तिने माझ्याआधी वाचली होती, चष्मा काही उगाच पुसत नव्हती ती.

फोटो काढला माझा. तोंड उघडंच आलं. घरी कार्लीन ओरडली नाही, आणि त्यानेच मी जास्त घाबरलो. तिने फक्त जॅनेलला हाक मारली आणि मला म्हणाली, तूच सांग तुझ्या पोरीला. सांगितलं. पोरगी ड्रेसची पिशवी घेऊन आत गेली आणि दार लावलं. त्या दाराबाहेर मी कितीतरी वेळ उभा होतो, आणि तिथे पाटी नव्हती. रडलो, खोटं कशाला सांगू. तीन दिवस कार्लीन जमातीच्या पंचांकडे खेटे घालत होती. शेवटी शुक्रवारी निरोप आला, दोन तासांची सूट, ड्वेनने दंडाला धरून न्यायचं आणि धरून बाहेर सोडायचं, आणि मशीनांकडे मान वळली तर तिथूनच परत. शब्द कुणी टाकला होता माहितेय? बर्नडीन मावशीने! बापाशिवाय लग्न कसं होईल, म्हणाली. मी देवाचे आभार मानले, मावशीचेसुद्धा.

तर शनिवारी निघालो. एका हाताला नटलेली जॅनेल, दुसऱ्या हाताला ड्वेन, सूट घातलेला, पण रेडिओ कमरेला. हॉलचा रस्ता मशीनांमधूनच. लोक खेळायचे थांबून उभे राहिले. जॅनेल ओठ न हलवता म्हणाली, "बाबा, समोर बघा." मी समोर बघत होतो. पण डोळ्याच्या कोपऱ्याला कोण आवरणार? खिडकीजवळ कासव. चार दिवसांत पुन्हा भरलेलं, चारशे अठ्ठ्याण्णव आणि वर काहीतरी, आणि समोर कुणीतरी चष्मा पुसतंय... माझी मान वळायला लागली, ड्वेनने दंड आवळला, आम्ही पुढे गेलो.

हॉलमध्ये ढोल सुरू झाला. पहिली रांग थोरांची, सगळे बसलेले. मधली एकच खुर्ची रिकामी. तिच्या पाठीवर निळा स्वेटर.

"काका, समोर," ड्वेन म्हणाला.

बघतोय रे बाबा, समोरच बघतोय... आता वर्षभर तेच करायचंय.