कोब्यातली पावलं

—नाही मिस्त्री, तिथे नका फोडू. चर खणायचा तर भिंतीच्या कडेने खणा, पाइप टाका, कोपऱ्यात खड्डा घेऊन पंप बसवा, पण तळघराच्या या मधल्या कोब्याला हात लावायचा नाही. उतार द्यावा लागेल म्हणता? पाणी चराकडे वळायला? कळतं हो, पाणी काही माझं ऐकून वळणार नाही. पण आधी ऐका तरी. हा कोबा आमच्या यांनी स्वतः घातलाय — गवंडी कशाला, म्हणे, मी आहे की. अति शहाणा त्याचा बैल रिकामा — जिन्याकडून सुरुवात केली आणि थापी मारत मारत मागे सरकत गेले ते थेट त्या कोपऱ्यात अडकले. मी जिन्यात उभी, पोट दुखेपर्यंत हसतेय, आणि हे अनवाणी, विजार वर धरून, ओल्या कोब्यावरून माझ्याकडे चालत येतायत. नंतर वरून थापी फिरवली, पण खळगे राहिलेच. कोरडं असलं की दिसत नाहीत. जरा पाणी आलं की भरतात — एकेक पाऊल, कोपऱ्यापासून जिन्यापर्यंत. हे गेल्यावर पहिल्यांदा पाणी शिरलं, तेव्हा दिसली मला. बसूनच राहिले इथे.

मुलगा म्हणतो, ओलीने तुझी छाती भरते, तळघर कोरडं करून घे, नाहीतर घर विकू आणि तू माझ्याकडे चल. त्याचंही चूक नाही. पण हे घर सोडून मी जाऊ कुठे? म्हणून तर तुम्हाला बोलावलं — काय? भिंत कोरडी आहे? असेल. मागे बाहेरची पन्हळ दुरुस्त करून घेतली, तेव्हापासून — अहो मिस्त्री, त्याला सांगू नका. मीच ओतते. बादलीने, त्या कोपऱ्यातून, हळूहळू. माणसाची आठवण फार झाली की फोटो बघून भागत नाही हो. वेड लागलंय म्हणा हवं तर.

पायऱ्यांवर? छे, पायऱ्यांवर कशाला ओतू, तो जिना दगडी, त्याला कुठले खळगे. मी आपली खालीच — कुठली पायरी ओली आहे? वरून दुसरी? पाऊल उमटलंय, अनवाणी? आपण उतरलो तेव्हा तर कोरडी —

तुमच्या पायात बूट आहेत ना, मिस्त्री.

बरं. हत्यारं उचला, आज काम नको. मुलाला मी कळवते. जा तुम्ही — आणि जाताना जिन्याचं दार ओढून घेऊ नका. उघडंच असू द्या.