साताऱ्याची कुंबिया

अगं बायांनो, चहा निवला तरी चालेल, पण सईच्या लग्नातलं ऐकाच! सई म्हणजे माझी अमेरिकेतली, प्लेनोची नात. तिचा नवरा दिएगो. त्याचे वडील मेक्सिकोचे, आईचे वडील कोलंबियाचे. दोघांकडे नाच कुंबियाच, पण तऱ्हा निराळी. मेक्सिकोकडे जोडीनं हात धरून गिरक्या, कोलंबियाकडे बाई मध्ये आणि पुरुष तिच्या भोवती. आधी कुणाची कुंबिया, यावरून या सासऱ्या-जावयांची भर हॉलमध्ये जुंपली. बँड थांबला, सईचे डोळे भरले.

"आजी, प्लीज, डू समथिंग!"

मी पदर खोचला आणि मधोमध जाऊन उभी राहिले. कोलंबियाचे आजोबा असे खुलले! टोपी काढून वाकले, त्यांच्या रिवाजाप्रमाणं माझ्या हातात पेटत्या मेणबत्त्यांचा जुडगा दिला, आणि ढोल सुरू. आता हातात ज्योत नि पुढ्यात पाहुणा, माझा हात गप्प राहतोय होय? लागले की ओवाळायला! त्यांना वाटलं, हीच स्टेप. ते ज्योतीमागं गोल फिरायला लागले.

सई धावत आली. "आजी, या डान्समध्ये पुरुष बाईला पटवत असतो!"

"अगंबाई! मी तर त्यांना ओवाळून भाऊ केलं!"

सईनं ते माइकवरून सगळ्यांना सांगितलं. हॉल नुसता हसून लोळला. दिएगोचे वडीलही हसत पुढं आले, सईकरवी विचारलं, "ही कुठली कुंबिया?"

"साताऱ्याची," मी म्हटलं. "आणि हे माझे भाऊ, म्हणजे तुम्ही आमचे जावई. रुसवा पुरे, नाचा आता!"