शंका असेल तर नाही म्हणा

...आणि वर मलाच म्हणतात, 'बूनहॉक, तू उगाच वैतागतोस!' अहो, वैतागू नको तर काय करू? तुम्हाला सांगतो, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या बनवतो आम्ही, इथे मलेशियात, पेनांगला. त्या पेटीतल्या संगणकाचा गाभा, म्हणजे कर्नल, जुळवायचं काम माझं. जुळवायचं म्हणजे काय, तर हजारो प्रश्न, एकेकाला हो नाहीतर नाही! त्यात पानंच्या पानं नुसत्या चाचण्या... सुरू होताना कर्नल स्वतःचीच परीक्षा घेणार, गणितं सुटतात का, मेमरी शाबूत आहे का... आणि खाली बारीक अक्षरात सल्ला काय? 'शंका असेल तर नाही म्हणा.' वा! इतका सोयीचा सल्ला आमच्या आईनं जन्मात दिला नाही! मी सटासट नाही, नाही, नाही... पेटी नऊ सेकंदांत सुरू! ओंगसाहेब, आमचे मालक, खूष!

तर तपासणीवाल्या रोहायाताई येऊन उभ्या. 'चाचण्या बंद का रे?'

'ताई, लिहिलंय ना, शंका असेल तर नाही म्हणा!'

'मग तुला शंका आहे?'

आता याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा! नाही म्हणावं तर चाचण्या लावा, हो म्हणावं तर मग ताई सोडतात होय!

लावल्या मेमरीच्या. पेटी सुरू व्हायला एकतीस सेकंद! ओंगसाहेब कडाडले, 'तेवढ्यात माझी कॉफी पिऊन होईल!' ताई शांतपणे, 'मग या की पिऊन.' आणि मधल्या मधे मी! म्हटलं, 'ताई, काढून टाकू या ना... शंका असेल तर...' तर म्हणाल्या, 'माझी सुराया सातव्या महिन्यात झाली. एक्केचाळीस दिवस असल्याच पेटीत होती. मी काचेला नाक लावून तिच्या तापमानाचा आकडा बघत बसायचे. छत्तीस पॉइंट सहा. आकडा खरा आहे की नाही, हे विचारायचं कुणाला, बूनहॉक?'

चाचण्या तशाच राहू दिल्या.

गुरुवारी चाळीस पेट्या तयार, दुपारी दोनला गाडी दारात. एकेक सुरू करतोय, तर सतराव्या पेटीच्या पडद्यावर ओळ... मेमरी नापास! म्हटलं, चाचणीच खोटी! पुन्हा सुरू केली, पुन्हा नापास. मग तेविसावी... अशा पाच निघाल्या! उघडून बघतो तर मेमरीच्या चिपचे सोल्डरचे टाके कच्चे. आणि या पेट्या, मंडळी, एरवी बाहेरून अगदी गुणी! दिवा लागतोय, आकडा दिसतोय... आत एखादं बाळ असतं आणि आकडाच खोटा निघाला असता तर?

ओंगसाहेबांनी ती ओळ स्वतः वाचली. मग हळूच म्हणाले, 'गाडी परत पाठवा.' कॉफीचं नावसुद्धा नाही.

पाचही पेट्या दुरुस्त झाल्या, मगच गाडी निघाली. आणि मी मुगाच्या बिस्किटांचा अख्खा डबा घेऊन ताईंसमोर उभा. 'ताई, तुम्ही होतात म्हणून...'

त्यांनी एक बिस्कीट उचललं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. 'गोड आहे. बाकीच्या एकशे बारा चाचण्या उद्यापर्यंत लाव हं.'

बसलोय लावत! तक्रार कुणाकडे करू? आभार मानायला मीच गेलो होतो ना!