बिर्यूचं खारं पाणी

[दुबई, जुमेरा लेक टॉवर्स. फेब्रुवारी २००९, संध्याकाळ. उपेंद्र अजून टायमध्येच आहे.]

अस्मी: ...सो, राणी सोसोनोने नवऱ्याला हेल्प केली, गोगुर्यो राज्य उभं केलं. अँड देन त्याचा पहिल्या बायकोचा मुलगा आला, युरी. राजाने त्यालाच युवराज केलं.

उपेंद्र: आणि हिची दोन मुलं?

अस्मी: बिर्यू आणि ओन्जो. दे गॉट स्केअर्ड. उद्या युरी राजा झाला की आपलं काय? म्हणून आईला घेऊन साउथला निघाले.

हेमा: राज्य उभं केलं हिने, आणि सामान बांधायचंही हिनेच.

उपेंद्र: हेमा, प्रोजेक्ट कोरियावर आहे.

हेमा: मी कोरियाबद्दलच बोलतेय.

उपेंद्र: बरं, प्रेझेंटेशन पंचवीसला ना? आत्तापासून काय घोकंपट्टी?

अस्मी: नो, मिसने माझं टुमॉरो केलं. बाकी सगळ्यांचं ट्वेंटी-फिफ्थलाच. ओन्ली माईन.

उपेंद्र: का?

अस्मी: डोन्ट नो. कुबराचं पण असंच आधी घेतलं होतं. मग ती कझिनच्या लग्नाला गेली अँड नेव्हर केम बॅक. आता सहा डेस्क एम्प्टी आहेत.

उपेंद्र: हेमा, तू शाळेत जाऊन आलीस?

हेमा: टीसीला अर्ज नको द्यायला? मिसना हात जोडून सांगितलं, पोरीला कळू देऊ नका. आपण निघायच्या आत व्हावं म्हणून त्यांनी भल्यासाठीच केलं असेल.

अस्मी: काय कळू देऊ नका?

उपेंद्र: काही नाही. तुम्ही दोघी एकोणीसला पुण्याला चाललात ना, लग्नाला, म्हणून.

अस्मी: हूज वेडिंग?

हेमा: नीरवमामाचं.

अस्मी: मम्मा, नीरवमामाचं झालंय. आय वॉज इन द फोटो.

उपेंद्र: यल्ला, चल, पुढे वाच. उद्या वर्गात त-त-प-प नको.

अस्मी: दहा मंत्री म्हणाले, नदीकाठी राहू या, मागे डोंगर, पुढे शेती. ओन्जोने ऐकलं. त्याने तिथे वसवलं ते बेकजे. मग लोक येत गेले, मोठं किंगडम झालं. बट बिर्यूने नाही ऐकलं. त्याला समुद्राकाठीच राहायचं होतं.

उपेंद्र: असतात अशी माणसं.

हेमा: हो, असतात. शारजाच्या गॅरेजात शौकतभाईंकडे बिलं लिहीन, आठ जणांच्या खोलीत राहीन, पण परत जाणार नाही, म्हणणारी.

उपेंद्र: हेमा, खलास! पुरे!

अस्मी: तिथे जमीन ओली, पाणी सॉल्टी. कोणाला जगता येईना. मग तो भावाकडे बघायला गेला, तर तिथे सगळे हॅपी. ही वॉज सो अशेम्ड, ही डाईड.

उपेंद्र: हे गाळ.

अस्मी: व्हॉट?

उपेंद्र: शेवटचं. बेकजे मोठं झालं, टाळ्या, संपलं. मरणाबिरणाचं कशाला शाळेत?

अस्मी: पण तसंच झालं होतं, बाबा. आय थिंक पाणी खारट आहे हे त्याने कोणाला सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर ओन्जो म्हणाला असता, ये.

हेमा: उपेंद्र, सांग तिला. नाहीतर मी सांगते.

उपेंद्र: काय सांगू? पुण्यात कोणत्या तोंडाने जाऊ? सगळी सोसायटी मला दुबईवाला म्हणते.

हेमा: म्हणू दे. तू तिकडे शारजात एकटा राहणार या विचाराने माझा जीव थाऱ्यावर नाही. फोन लागला नाही तर मी कोणाला विचारू? तीन तिकिटं काढ.

उपेंद्र: मला भीती वाटते गं, हेमा. इथे राहायची वाटते, आणि जायचीही वाटते... अस्मी, इकडे ये. बाळा, माझी नोकरी गेली. तीन आठवडे झाले.

अस्मी: आय नो.

उपेंद्र: तुला कोणी सांगितलं?

अस्मी: एकदा बस लवकर आली. तू बेसमेंट पार्किंगमध्ये गाडीत बसला होतास, असाच, टाय घालून. आय वेव्ह्ड. तुला दिसलंच नाही.

हेमा: अगं, मग मला का नाही बोललीस?

अस्मी: मला वाटलं, तुला माहीत नाही. तू बाबाला ओरडली असतीस.

उपेंद्र: आणि नंतर? परत आली होतीस खाली?

अस्मी: रोज. पिलरच्या मागून बघायचे. तू हलतोयस ना, ते.