शोभाबाईचा मोर

उज्ज्वला : आबा, चष्मा लावा आणि बराबर बघा. हा मोर आहे?

निंबा : मोरच शे. निळा शे ना?

उज्ज्वला : निळा दिसला की मोर? चोच जुओ ने, बघा ना, हळदीसारखी पिवळी! तुमच्या लेकानं, गजेंद्रनं पाठवलाय व्हिडिओ, युगांडाच्या जंगलातून. म्हणतात, आबांना सांग, आपल्या गोधडीवरचा पक्षी सापडला.

निंबा : हां... लाल तुरा. तुझ्या सासूनं, शोभानं, असाच लावला होता.

उज्ज्वला : टुराको म्हणतात त्याला. फोनमध्ये शोधलं मी.

निंबा : असेल काही. गोधडी आण बरं दोरीवरून.

(गोधडी दोघांच्या मांडीवर पसरते.)

निंबा : मी मिलच्या घडीखात्यात होतो, तवा आफ्रिकेला जायचा छापील माल निघायचा, पक्ष्यांच्या नक्षीचा. या गोधडीच्या ताग्यात लाल रंग उठलाच नई. तुरा पांढरा, पंख पांढरा. खोटीचा माल म्हणून आम्हाला वाटून टाकला. शोभानं त्या पांढऱ्यावर तिच्या लुगड्याचं लाल शिवलं. मी लई हसलो. म्हटलं, मोराला लाल पंख कधी पाहिले व माय?

उज्ज्वला : मग त्या काय म्हणाल्या?

निंबा : शिवत राहिली. काल दुपारी शेजारच्या लूमच्या खडखडीत माझा डोळा लागला, तर सपनात हा गोधडीवरून उठून चालला. मी वरडलो, शोभा, तुझा मोर उडाला! ती म्हणे, उडू द्या.

उज्ज्वला : आबा, गजेंद्र माझ्या तिकडे यायच्या तिकिटाचं विचारतायत. मी ‘नाही’ म्हणून कळवते. सासूबाई गेल्यापासून तुम्ही एकटे, तुम्हाला टाकून कशी जाऊ?

निंबा : थांब. पुन्हा लाव तो व्हिडिओ. पंख तर निळेच दिसतात. शोभा चुकलीच मग.

उज्ज्वला : घाई नका करू. अजून फांदीवर बसलाय. आता... हा बघा!

निंबा : अरे देवा! केवढं लाल!

उज्ज्वला : बसला की झाकलं जातं, आबा. उडाला की दिसतं.

निंबा : तिला दाखवायला पाहिजे होतं गं.

उज्ज्वला : रडू नका ना.

निंबा : रडू दे. आणि गजेंद्रला सांग, तिकीट काढ. शेजारी सुपडूच्या घरी माझी भाकरी होईल.

उज्ज्वला : खरंच जाऊ? मग गोधडी नेऊ का सोबत?

निंबा : ती अठेच राहू दे, माझ्याजवळ. तुला तठे खरा मोर दिसेल.