आत्याचा आठवा केक

…आणि वर मलाच विचारतात, "मग तू खातेस तरी काय?" अहो, जेवते! तुमच्यासारखीच जेवते, तोंडानेच जेवते! नऊ वर्षं झाली मला दूध, लोणी, अंडी, मध, प्राण्यांकडून येणारं झाडून सगळं सोडून, एकोणिसाव्या वर्षापासून, आणि नऊ वर्षं प्रत्येक समारंभात, प्रत्येक ऑफिसच्या पार्टीत हाच प्रश्न, जणू काही मी खिडकीतल्या कुंडीतली वेल आहे, पाणी घातलं, उन्हात ठेवलं, झालं! मी भांडत नाहीये हं, मी फक्त सांगतेय.

तर आठ वर्षं निभावलं आणि मग गेल्या वर्षी हे पोट सुरू झालं. जेवलं की फुगायचं, ऑफिसच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच धाप लागायची, कंगव्यात केसांचे पुंजके… शेवटी डॉक्टरांकडे गेले. रक्त तपासलं, मग घशातून नळी घालून आतडं तपासलं, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्हाला सीलिअ‍ॅक आहे. ग्लूटेन बंद. म्हणजे गहू, बार्ली, राय, सगळं बंद. कायमचं."

मी म्हटलं, "कायमचं म्हणजे साधारण किती दिवस?"

"कायमचं म्हणजे कायमचं. कणभरसुद्धा नाही, आतडी पुन्हा सोलवटतील. पण घाबरू नका हं, अंडी आहेत, दही आहे, चीज, मासे… खूप काही चालतं!"

"मी व्हिगन आहे."

तुम्हाला सांगते, त्या बाईंनी पेन खाली ठेवलं. एवढा वेळ रिपोर्ट वाचताना ठेवलं नव्हतं, ते आता ठेवलं. मग अगदी हळू आवाजात, आजारी माणसाला विचारतात तसं विचारलं, "मग प्रोटीन कशातून घेता?" मी ताठ मानेने सांगितलं, ते पाकिटात मिळतात ना, हुबेहूब मटणासारखे लागणारे तुकडे, ते! आठवड्यातून चार वेळा! आणि त्या म्हणाल्या, "ते तुकडे म्हणजे निव्वळ ग्लूटेन. गव्हाचं पीठ धुऊन धुऊन जे उरतं, ते." म्हणजे बघा! नऊ वर्षं मी कोंबडीला हात लावला नाही, बकरीला हात लावला नाही, आणि ज्याच्यावर सगळा विश्वास टाकला तोच आतून आतडी सोलत होता!

तिथून थेट दुकानात गेले. म्हटलं, आता सगळी पाकिटं वाचून घ्यायची. सोया सॉस उचलला. सोयाबीनचा सॉस, तर त्यात गहू! काय काम आहे हो गव्हाचं तिथे? सूपच्या पाकिटात गहू. बटाट्याच्या वेफर्समध्ये, मसाल्यातून, गहू! आणि हे सगळं किती बारीक अक्षरात? मुंगीला चष्मा लावून वाचायला बसवलं तरी तिचं डोकं दुखेल! मी दुकानात उभी राहून मोठ्याने म्हणाले, "कुठल्या गाढवाने छापलंय हे?" आणि मग आठवलं… मीच. माझी नोकरीच ती आहे! खाण्याच्या पाकिटांची मांडणी करते मी. साहेब म्हणाले होते, "मागची ती यादी जरा आवर, पुढे टोमॅटो मोठा येऊ दे." आवरली. टोमॅटो काय सुंदर आलाय, बघाच तुम्ही एकदा.

पण खरी गंमत दुकानात नाही, घरी आहे. घरी आत्या आहे.

माझी आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. मी सात वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून घर तिनेच चालवलं. इस्पितळात मेट्रन होती, चौतीस वर्षं, तीन वॉर्ड हाताखाली. निवृत्त झाली, पण वॉर्ड काही सुटला नाही, फक्त पेशंट कमी झाले, बाबा आणि मी. मी व्हिगन झाले त्या दिवशी तिने मला समोर बसवून विचारलं, "हे दुखणं आहे की तत्त्व?"

"तत्त्व."

"मग थोडंसं चालतं. दुखण्यात पथ्य पाळावं लागतं, तत्त्वात काय, सवलत असते."

सवलत! तुम्हीच सांगा, तत्त्वात सवलत? मग सुरू झालं आमचं. भातात चमचाभर लोणी, गुपचूप. "अगं, वासाला घातलंय." सूपमध्ये साय. "दिसतेय का तुला? दिसत नाही ना? मग?" मी एक दिवस ताट सरकवलं आणि म्हटलं, आजपासून माझं मी करेन. आणि केलं! त्याच स्वयंपाकघरात, त्याच ओट्यावर, डावीकडे तिची शेगडी, उजवीकडे माझी, मध्ये मिठाची बरणी, ती तेवढी दोघींची. एकाच टेबलावर जेवायचो, पण नऊ वर्षांत तिच्या हातचा घास मी खाल्ला नाही. बाबा मध्ये बसायचे आणि दोन्हीकडचं खायचे. मी भांडत नाहीये हं, मी फक्त सांगतेय.

त्यामुळे रिपोर्ट आल्यावर मी तो घरी दाखवलाच नाही. का दाखवू? मला तिचा आवाज आत्ताच ऐकू येत होता, "बघ! सांगत होते! दूध सोडलंस, आतडी गेली!" त्याचा याच्याशी काही संबंध नाही, पण मेट्रनला कोण समजावणार? म्हटलं, आधी वजन भरू दे, गालावर रंग येऊ दे, मग सांगू. रिपोर्ट लॅपटॉपच्या बॅगेत टाकला.

तीन दिवसांनी माझा वाढदिवस. अठ्ठाविसावा. ऑफिसमधून आले तर दिवाणखाना झाडलेला, टेबलावर इस्त्रीचं कापड, बाबा नव्या शर्टात. आणि आत्या आतून केक घेऊन आली. गोल, चॉकलेटचा, वर बदामाचे काप, एक काप इकडचा तिकडे नाही. समोर ठेवला, एप्रनला हात पुसले, आणि ड्यूटी बदलताना रिपोर्ट देतात त्या आवाजात म्हणाली, "दूध नाही. लोणी नाही. अंडं नाही. मध नाही. वास घेऊन बघ, हवं तर."

बाबा म्हणाले, "अगं, आठवा आहे हा! सात बिघडले. तू ऑफिसात असलीस की चालायचं. ते सातही मीच संपवले, पट्टा बघ माझा, शेवटच्या भोकावर आलाय!"

आत्या म्हणाली, "माझं मत बदललेलं नाही. मला अजूनही ते खूळच वाटतं. पण नऊ वर्षं टिकलं म्हणजे खूळ नसावं. खा."

आता सांगा! नऊ वर्षं! नऊ वर्षं ज्या एका वाक्यासाठी मी त्या ओट्यावर उभी राहून भांडले, ते वाक्य समोर आलं, चॉकलेट लावून आलं, आणि त्यात पाव किलो गहू! नशिबाला वेळेचं काही भानच नाही का हो? आठवडाभर आधी नाही यायचं? चौथा-पाचवा जरा बरा जमवून आणायचा होता! मी सुरी घेतली. तुकडा कापला. उचलला. मनात म्हटलं, एकदाच, एक घास, आतडी गेली खड्ड्यात, पुन्हा उगवतील… आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला मी अशी बघताना कधी पाहिलं नव्हतं, वॉर्डात तीच बघायची आणि बाकीचे घाबरायचे. आज तीच घाबरली होती. तुकडा ओठांपाशी आणला… आणि खाली ठेवला.

काय करू? नऊ वर्षं तिला सांगितलं, थोडंसं चालत नाही. आता मीच थोडंसं खाऊ?

तिचा चेहरा असा पडला म्हणता… बाबा लगेच, "खा गं, घासभराने काय होतंय?" मी म्हटलं, "बाबा, तुम्ही गप्प बसा!" बॅगेतून रिपोर्ट काढला आणि तिच्यापुढे धरला. रडत नव्हते हं मी. आवाज फक्त जरा चढला होता. "यात गहू आहे, आत्या. मला गहू चालत नाही. तीन दिवस झाले कळून. तू म्हणशील दूध सोडलं म्हणून झालं, म्हणून सांगितलं नाही, आणि हा केक मला खायचाय, मला आयुष्यात काही एवढं खावंसं वाटलेलं नाही!"

आत्याने चष्मा लावला. पहिलं पान, दुसरं पान, शेवटी सही. मग म्हणाली, "दुधाचा काय संबंध? हे रक्तातून येतं. माझ्या वॉर्डात दोन मुलं होती अशी." चष्मा काढला. "तीन दिवस लपवलंस? मूर्ख कार्टी." आणि तो तुकडा उचलून तिने स्वतः खाल्ला, उभ्याउभ्या, सावकाश. "चांगला झाला होता," म्हणाली, आणि आत निघून गेली.

मला वाटलं, संपलं. आता पुढची नऊ वर्षं गेली.

कसलं काय! दुसऱ्या दिवशी सकाळी उठते तर स्वयंपाकघराचा वॉर्ड झालेला! टोस्टर बाबांच्या खोलीत हलवलेला, त्यांना ब्रेड तिथेच, दार लावून. माझी वेगळी पळी, वेगळी चाळणी, वेगळं फडकं, सगळ्यावर चिकटपट्टी आणि नावं. बाबा शेल्फला हात लावायला गेले की, "हात धुतलेस? कोपरापर्यंत?" आणि माझी शेगडी बंद. "पेशंट स्वतः स्वयंपाक करत नाही." मी म्हटलं, मी पेशंट नाही, माझं तत्त्व… "तत्त्व त्या फळीवर, दुखणं या फळीवर, दोन्ही माझ्या ताब्यात." हॉटेलात गेलो तर वेटरला म्हणते, "आचाऱ्याला बाहेर बोलवा, नखं दाखवू देत!" मला टेबलाखाली शिरावंसं वाटलं. मी भांडत नाहीये हं… आता भांडायला तोंड कुठे उरलंय?

आणि दर रविवारी केक. तांदळाचं पीठ, बटाट्याचं पीठ, जवस भिजवून त्याचा चिकट गोळा. दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही, मध नाही, गहू नाही, कण नाही. कालचा सतरावा. सुरी अर्ध्यात अडकली, बाबांनी दुसऱ्या बाजूने धरलं तेव्हा निघाली. बाबा सुटले, ते म्हणतात, "हा खास तिच्यासाठी आहे ना, मी कसा खाऊ?" आत्या समोर बसते, एप्रनला हात पुसते आणि माझ्या तोंडाकडे बघते.

नऊ वर्षं माझ्याकडे प्रत्येक ताटाला नाही म्हणायला एकेक भक्कम कारण होतं, आणि आता जगातला एकमेव पदार्थ असा आहे की ज्यात माझं एकही कारण शिल्लक नाही.

काल दोन तुकडे खाल्ले.