काळी डबी, रुपेरी डबी

नाही नाही, वजनावर जाऊ नका — वजन काय, तळाशी लोखंडाची पट्टी चिकटवली की झालं. डॅक म्हणजे शेवटी काय? फोनमधल्या आकड्यांचा आवाज करणारी डबी. तुमच्या बजेटमध्ये या दोनच, ही काळी आणि ही रुपेरी. पत्ता घेतलाच आहे मी तुमचा, कुठलीही घ्या, घरी येऊन लावून देतो. बसा, त्या मधल्या खुर्चीत — स्पीकर तिकडेच रोखलेत. दार लावतो हं. जड आहे, आतून फेल्ट मारलंय, बाहेरची गाडी आत ऐकू येत नाही की आतलं बाहेर — माफ करा. खोकला. कोरडाच आहे, दोनदा येतो आणि जातो, डॉक्टरांनी हात टेकले.

गाणीबिणी नाही लावत मी. गाणं स्टुडिओत धुऊनपुसून काढलेलं, त्यात काय कळणार? घरातला आवाज लावायचा. ही माझी बायको, स्वयंपाकघरात गुणगुणतेय. मीच रेकॉर्ड केलं — म्हणजे माईक फळीवर लावून ठेवला आणि दुकानात आलो. आधी काळी ऐका. नळ आला ना? भांडं? आता स्टूल ओढतेय, वरचा डबा काढायला. आणि — हो, तो धाडकन आवाज — तिथे ती पडली. ओट्याची कड लागली डोक्याला. दोन वर्षं होतील तिला जाऊन. उठू नका, सगळेच असे कावरेबावरे होतात. मी दुकानात होतो. मेहुण्याला तेच सांगितलं, पोलिसांना तेच सांगितलं. काळी डबीपण दोन वर्षं तेच सांगतेय.

आता ही रुपेरी. सोमवारीच आलीय. हिला खरखर नाही, हाच हिचा दोष — थोडी खरखर असली की माणसाला आडोसा मिळतो. डोळे मिटा. मिटा म्हणतो ना! स्टूल ओढलं... आता. काय म्हणाली? — 'अहो, स्टूल धरता का जरा?' — बरोबर. म्हणजे मला एकट्यालाच नाही ऐकू येत. शेजाऱ्यांना म्हणाली असेल, खिडकीतून — हो, शेजारी बाई एकट्याच राहतात, ठाऊक आहे मला. जिभेला सवय असते हो, घरात कोणी नसलं तरी अहो. मी तर रेकॉर्डिंग चालू असताना तोंडच उघडत नाही. शंभरदा बजावलं होतं तिला, लाल दिवा लागलेला दिसला की मला हाक मारायची नाही, माझ्याकडून ओ मिळणार नाही. मिनिटभरच राहिलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा असा सूर लागला होता, आणि तेवढ्यात मी हललो असतो तर — म्हणजे, तिथे असतो तर. असतो तर, असं म्हणतोय मी.

काय? शेवटी? नळ असेल. पाईपात हवा अडकते. दोनदा, कोरडा — नाही, नळच तो. माझ्याकडे काय बघताय? आत्ता येत नाहीये मला, दाबून धरलाय. बघा, किती वेळ धरता येतो. त्या दिवशीही धरला होता, डबा घरंगळत जाऊन भिंतीला टेकेपर्यंत, मग नाही राहवलं —

कुठे निघालात? ते दार तसं नाही उघडत, आधी वर उचलावं लागतं. थांबा, मी उघडतो. ही काळी न्या. पैसे नकोत, बिल नको. घरी लावा, गाणी ऐका, स्वस्थ झोपा. कोणी विचारलंच तर म्हणा, दुकानदारानं एकच डबी ऐकवली. पत्ता आहे माझ्याकडे, येऊन बघून जाईन कशी वाजतेय ते. रुपेरीकडे बघू नका, ती विकायची नाही आता. हीच चांगली. हिच्यात मी नाही. या तुम्ही.